यंत्राची रोजकीर्द

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर वहीशेजारी आता लॅपटॉपही येऊन बसला आहे. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावातही कापसाची पट्टी, पतसंस्थेचा भरणा, सातबारा हे सगळं संगणकातूनच निघतं. जुन्या रोजकीर्दीच्या पानांवर छापील आकडे असत, पान फाडलं की चोरी उघडी पडे. संगणकही स्वतःची रोजकीर्द लिहीत असतो. ती उघडून पाहणारे मात्र फार थोडे.

विंडोजमध्ये ती 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या सिक्युरिटी भागात सापडते. लॉगिन झालं की ४६२४ क्रमांकाची नोंद पडते, पासवर्ड चुकला की ४६२५. मध्यरात्री ४६२५ची रांग लागली आणि तिच्या मागोमाग एकच ४६२४ आली, तर कुणीतरी पासवर्ड शोधून काढला असा संशय घ्यायलाच हवा. कुणी ही वहीच पुसली, तर कोऱ्या वहीत पहिली नोंद पडते ११०२ची, पुसणाऱ्या खात्याच्या नावासकट. पण कोणता प्रोग्राम सुरू झाला हे सांगणारी ४६८८ची नोंद आपोआप होत नाही, ती मुद्दाम चालू करावी लागते. म्हणून सगळंच चालू करा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. विंडोजच्या या वहीला सुरुवातीला साधारण २० एमबी जागा असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. लिनक्सच्या ऑडिटडी या नोंदी ठेवणाऱ्या सेवेत मूळ मांडणी ८ एमबीच्या पाच फायलींची. गजबजलेल्या यंत्रावर एवढी जागा बघता बघता संपते आणि नेमकी हवी ती ओळ गेलेली असते.

हिशेबातल्या किरकोळ फरकाचा माग काढणं किती मोलाचं, हे १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टोल यांनी दाखवलं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंट जुळेनात. तो धागा धरून ते जर्मनीतल्या घुसखोरापर्यंत पोचले. त्यांची युक्ती साधी होती. बाहेरून संगणकाला जोडणाऱ्या टेलिफोन लाइनींना प्रिंटर जोडून ठेवले. घुसखोर संगणकातलं काहीही पुसू शकला असता, कागदावर उमटलेलं नाही.

आपल्याकडचा मोठा धडा पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे निघाले ते २८ देशांतून, शिवाय भारतातूनही, आणि १३.९२ कोटी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे हाँगकाँगला वळवले गेले. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना परस्पर होकार देणारा बनावट स्विच उभा केला होता. मागणी बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती, मग तिच्या वहीत ती उमटणार कशी? एका यंत्राची नोंद अगदी खरी असूनही अपुरी पडते ती अशी. स्विच, मूळ प्रणाली आणि कार्ड कंपनी या तिघांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्याशिवाय अशी तफावत दिसत नाही.

यानंतर नियम कडक होत गेले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे यंत्राच्या या नोंदी, १८० दिवस ठेवायचे, ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या आणि यंत्रांची घड्याळं जुळवून ठेवायची. घड्याळाची अट काहींना किरकोळ वाटेल. पण दोन यंत्रांत दहा मिनिटांचा फरक असेल तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच ठरवता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदही सक्तीचा झाला.

कोर्टात नोंद टिकते कशी, याचा निवाडा जालन्याच्या निवडणूकवादातून आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्रात आता फाइलची हॅश किंमत, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसाही लिहावा लागतो.

तालुक्याच्या गावातली खरी अडचण मात्र याच्याही आधीच्या पायरीवरची आहे. काउंटरवर तिघंचौघं बसतात, लॉगिन सगळ्यांचं एकच, 'अ‍ॅडमिन', आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. अशा यंत्राचा लॉग कितीही चोख असो, शेवटी तो अ‍ॅडमिनकडेच बोट दाखवणार. महागडं सॉफ्टवेअर नंतर बघता येईल. आधी प्रत्येकाला वेगळं खातं आणि रोजच्या कामाला साधे अधिकार द्यावेत. मग वहीची जागा वाढवावी, आणि इव्हेंट फॉरवर्डिंग वापरून नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवावी. ही सोय विंडोजमध्येच आहे, वेगळे पैसे पडत नाहीत. त्या दुसऱ्या यंत्राचा पासवर्ड काउंटरवरच्या कुणाकडेही नसावा, आणि आठवड्यातून एकदा त्यावरच्या नोंदी चाळण्याचं काम कुणा एकाच्या नावावर लिहून द्यावं.