डाइव्ह कॉम्प्युटर डेस्कटॉपला कनेक्ट होत नाही? आधी या गोष्टी तपासा

सिंदी (रेल्वे) : वर्धा-नागपूर लोहमार्गावरच्या सिंदी (रेल्वे)चं नाव ड्राय पोर्टमुळे बंदराशी जोडलं गेलं असलं, तरी खरा समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तारकर्ली किंवा अंदमानला स्कुबा डायव्हिंग करून घरी परतलात आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर डेस्कटॉपशी ब्लूटूथने जुळला नाही, तर विचारायला जवळपास डाइव्ह शॉप नाही. पण बऱ्याचदा बिघाड यंत्रात नसतोच. तो जोडणीच्या पद्धतीत असतो आणि घरच्या घरी दुरुस्त करता येतो.

नोंदी का महत्त्वाच्या?
डाइव्ह कॉम्प्युटर पाण्यातली खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग नोंदवतो. त्यावरून शरीरात किती नायट्रोजन साठला असेल याचा हिशेब मांडतो. मात्र त्याची मेमरी मर्यादित असते. ती भरली की जुन्या डाइव्ह पुसल्या जातात. पुढे 'पाडी'चा डाइव्हमास्टर कोर्स करायचा असेल, तर सुरुवातीला 40 आणि प्रमाणपत्रासाठी 60 डाइव्हची नोंद लागते. डायव्हिंगनंतर सांधे दुखणं, मुंग्या येणं असा त्रास झाला, तर डॉक्टरांनाही हीच माहिती उपयोगी पडते. अर्थात, अशा वेळी आधी डॉक्टर गाठा. डाउनलोडसाठी थांबू नका.

ब्लूटूथ कोणतं?
ब्लूटूथचे दोन प्रकार आहेत. जुन्या 'क्लासिक' प्रकारात यंत्र आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये पेअर करावं लागतं. 2010 मध्ये ब्लूटूथ 4.0 सोबत आलेला 'लो एनर्जी' म्हणजे बीएलई हा प्रकार आता बहुतेक नव्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये असतो. यातली अनेक मॉडेल आधी पेअर करावी लागत नाहीत. सॉफ्टवेअर त्यांना थेट शोधतं. काही मॉडेल स्क्रीनवर कोड दाखवतात, तो डेस्कटॉपवर टाकावा लागतो. आपलं मॉडेल कोणत्या प्रकारचं, हे माहितीपुस्तिकेत पाहा.

क्रमाने तपासा
1. यंत्र गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करा, बॅटरी पुरेशी आहे का ते पाहा. पाण्यातून ब्लूटूथच्या लहरी फार पुढे जात नाहीत.

2. मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. डाइव्ह कॉम्प्युटर सहसा एका वेळी एकाशीच बोलतो. मोबाइल ॲपने त्याला आधीच पकडलं असेल, तर तो डेस्कटॉपला दिसत नाही. सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट हीच.

3. डाइव्ह कॉम्प्युटरच्या मेनूत जाऊन ब्लूटूथ सुरू करा. बॅटरी वाचवण्यासाठी ते काही मिनिटांत आपोआप बंद होतं. त्यामुळे आधी डेस्कटॉपवर सॉफ्टवेअर उघडून ठेवा.

4. डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ आहे का ते पाहा. अनेक डेस्कटॉपमध्ये नसतं. यूएसबी डोंगल लावावं लागतं. जुनं 2.0 किंवा 3.0 डोंगल बीएलई यंत्र ओळखत नाही. मदरबोर्डवरच वायफाय-ब्लूटूथ असेल, तर मागचे अँटेना लावलेत ना, याची खात्री करा.

5. डोंगलची जागा बदला. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि यूएसबी 3.0 च्या पोर्टचा त्यात अडथळा येतो. डोंगल पुढच्या यूएसबी 2.0 पोर्टला किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरने कॅबिनेटपासून दूर लावा.

6. विंडोज 11 च्या यादीत यंत्र दिसत नसेल, तर ब्लूटूथ सेटिंगमध्ये 'डिव्हाइसेस डिस्कव्हरी' हा पर्याय 'ॲडव्हान्स्ड' करा.

7. जुनं पेअरिंग अडकलं असेल, तर दोन्हीकडून ते काढून टाका, डेस्कटॉप रीस्टार्ट करा आणि पुन्हा जोडा.

सॉफ्टवेअरमध्ये काय पाहावं?
कंपनीच्या सॉफ्टवेअरखेरीज 'सबसरफेस' हा मोफत पर्याय आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः डायव्हर आहेत. त्यांनी 2011 मध्ये तो सुरू केला. त्यात कंपनी आणि मॉडेल अचूक निवडा, ब्लूटूथ पर्यायावर खूण करा. जोडणी होऊनही डाइव्ह कमी दिसत असतील, तर घाबरू नका. हे सॉफ्टवेअर एरवी फक्त नव्या नोंदी उतरवतं. सगळ्या नोंदी मागवण्याचा वेगळा पर्याय तिथेच आहे.

तरीही जमलं नाही तर?
सबसरफेसच्या मोबाइल ॲपवर नोंदी उतरवा आणि क्लाउडमार्फत डेस्कटॉपवर आणा. यंत्रासोबत यूएसबी केबल आली असेल, तर तीही चालते.

हे टाळा
डायव्हिंगची सहल सुरू असताना वैतागून फॅक्टरी रीसेट किंवा फर्मवेअर अपडेट करू नका. काही मॉडेलमध्ये त्यामुळे नायट्रोजनचा चालू हिशेब पुसला जातो आणि पुढच्या डाइव्हला यंत्र तुम्हाला ताजातवाना समजतं. विमानाने परतणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास थांबावं, असा डायव्हिंग सुरक्षेचा संकेत आहे. जोडणी घरी येऊन सावकाश करता येते; हा हिशेब मात्र पुसू देऊ नका.