बुद्धिबळाच्या डावाची टिपणे

बुद्धिबळाचा डाव संपला की मोहरी डब्यात जातात आणि चाली खेळणाऱ्यांच्या आठवणीपुरत्या उरतात. त्या इतरांपर्यंत पोहोचवायच्या, तर त्या टिपून ठेवण्याची सर्वांना समजेल अशी रीत असावी लागते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा मूळ संस्कृत ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापला गेला, तेव्हा त्यात प्रामुख्याने होती ती निवडक स्थितींची कोडी, म्हणजे पटावरची मांडणी आणि तीतून मात करण्याचा मार्ग. पहिल्या चालीपासून शेवटपर्यंतचे डाव हा त्याचा विषय नव्हता. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकत असे, राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई, आणि या नियमांतील फरकांमुळेच ती कोडी युरोपीय पद्धतीस जुळवून घ्यावी लागली. संपूर्ण डाव टिपून दूरवर पाठवण्याचे ठळक भारतीय उदाहरण कलकत्त्याचे आहे: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बॅरिस्टर जॉन कॉक्रन आणि मोहेशचंद्र बॅनर्जी यांचे डाव लंडनच्या नियतकालिकात छापून आले, आणि बॅनर्जींच्या खेळण्याच्या धाटणीवरूनच ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव पुढे रूढ झाले. डाव टिपला गेला नसता, तर हे नावही उरले नसते.

आजची रीत सोपी आहे. पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या रांगांना एक ते आठ हे अंक देतात, त्यामुळे ‘ई४’ म्हटले की पटावरचे नेमके एकच घर डोळ्यांसमोर येते. संगणक आल्यावर मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. प्रत्येक प्रोग्राम डाव आपापल्या साच्यात साठवी आणि एकाचा साचा दुसऱ्याला वाचता येत नसे. यावर स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये ‘पोर्टेबल गेम नोटेशन’, म्हणजे पीजीएन, ही साध्या मजकुराची पद्धत सुचवली. तीत आरंभी स्पर्धा, स्थळ, तारीख, फेरी, पांढऱ्या व काळ्या मोहऱ्यांचे खेळाडू आणि निकाल या सात नोंदी येतात आणि त्यांच्याखाली चाली. तिचे खरे सामर्थ्य या साधेपणातच आहे, कारण ही फाइल यंत्राला जितकी वाचता येते तितकीच माणसालाही, आणि सामान्य डाव सुमारे एका किलोबाइटमध्ये मावत असल्याने त्या काळच्या एका फ्लॉपीवर हजाराहून अधिक डाव नेता येत. मार्क क्राउदर यांनी सप्टेंबर १९९४ पासून ‘द वीक इन चेस’ या साप्ताहिकातून जगभरातील डाव इंटरनेटवर वाटण्यास सुरुवात केली. एरवी परदेशी अंकांची आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागणाऱ्या खेळाडूला अभ्यासाचे साहित्य हाताशी आले.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा इंदापूर तालुक्यातील बावड्यात बसलेल्या मुलालाही, मोबाइल आणि नेटवर्क असेल तर, त्या डावांची चाल न् चाल पाहता येत होती. अशा चालींवर कुणाची मालकी असावी का, हा वादही झाला: २०१६ मधील कार्लसन–कार्याकिन विश्वविजेतेपद सामन्याच्या आयोजकांनी इतर संकेतस्थळांना चाली प्रसारित करण्यास बंदी करावी अशी मागणी न्यूयॉर्कच्या न्यायालयात केली आणि न्यायालयाने बंदीहुकूम नाकारला. समालोचन ही लेखकाची निर्मिती असते. नुसत्या चाली मात्र क्रिकेटच्या धावफलकासारखी घडलेल्या गोष्टीची नोंद ठरतात आणि कुणीही त्या उतरवून घेऊ शकतो.