डॉर्चेस्टरचे जुने न्यायमंदिर

इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्याच्या डॉर्चेस्टर नगरीत ‘शायर हॉल’ ही दगडी न्यायवास्तू १७९७ साली उभी राहिली. थॉमस हार्डविक हे तिचे वास्तुविशारद. नौदलातील बंडांनी धास्तावलेल्या संसदेने गुप्त शपथांविरुद्ध कायदा केला, तोही त्याच वर्षी.

सदतीस वर्षांनी या दोहोंची गाठ पडली. मार्च १८३४ मध्ये टॉलपडल खेड्यातील सहा शेतमजूर येथील आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. जॉर्ज लव्हलेस हा त्यांचा म्होरक्या. आठवड्याची मजुरी सात शिलिंगांपर्यंत घसरली होती, आणखी घटण्याची चिन्हे होती. म्हणून त्यांनी संघटना बांधली. संघटना करणे तेव्हा कायदेशीरच होते! गुन्हा ठरला तो सभासदांना दिलेल्या शपथेचा. नाविकांच्या बंडासाठी केलेला कायदा नांगर धरणाऱ्यांवर चालवण्यात न्यायाची चाड कितपत होती, हे वेगळे सांगणे नलगे. सहाही जणांना सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा होऊन त्यांची रवानगी ऑस्ट्रेलियाकडील वसाहतींत झाली. देशभर निषेध उसळला आणि १८३६ मध्ये सरकारला त्यांना माफी द्यावी लागली. परतल्यावर पाच जण पुढे कॅनडात स्थायिक झाले. जेम्स हॅमेट मात्र टॉलपडललाच राहिला.

येथील न्यायदान १९५५ साली थांबले. २०१८ पासून तेथे संग्रहालय असून तळघरातील कोठड्या व तो पिंजरा पाहावयास मिळतो.