नातवंडांच्या स्केटचा बूट निवडताना

नांदेड असो वा लातूर, उन्हे कलली की शाळेच्या सिमेंटच्या अंगणात, क्रीडासंकुलाच्या कडेला किंवा नव्या वसाहतीच्या गुळगुळीत रस्त्यावर चाकांचे बूट घातलेली मुले दिसू लागतात. आई-वडील त्या वेळी नोकरीवर किंवा दुकानात असतात. त्यामुळे मुलांना वर्गाला आणणारे, बुटांच्या नाड्या बांधणारे आणि पाण्याची बाटली सांभाळत कडेला बसणारे बहुधा आजी-आजोबाच असतात. म्हणूनच हा लेख त्यांच्यासाठी लिहीत आहे.

दवाखान्यात एक तक्रार वरचेवर ऐकू येते : “डॉक्टर, याचे घोटे कमजोर आहेत. उभा राहिला की चाके आत झुकतात. काही कॅल्शियमचे औषध द्या.” मूल तपासावे तर घोटे उत्तम असतात. ते एका पायावर उभे राहते, चवड्यांवर चालते, लंगडी घालते. मग स्केट मागवून पाहिले की उलगडा होतो. बूट दोन मापे मोठा असतो, घोट्याजवळ कापडासारखा मऊ असतो आणि पुढच्या भागात बोळा कोंबलेला असतो. दोष बुटाचा असतो आणि ‘लेचापेचा’ हा शिक्का मात्र मुलावर बसतो. काही मुले त्या शिक्क्यामुळेच खेळ सोडतात. शिवाय पाय मुरगळणे आणि वाढत्या हाडाला इजा होणे ही भीती असतेच. म्हणून खरेदीपूर्वी थोडे समजून घेणे हिताचे आहे.

चार चाके, एक रेघ

आपला घोटा म्हणजे एकच सांधा नव्हे. वरचा सांधा पाऊल वर-खाली करतो. त्याच्या खालचा सांधा पाऊल आत-बाहेर कलते करतो. जमिनीवर चालताना तळव्याची रुंदी आपल्याला सावरून धरते. जुन्या पद्धतीच्या स्केटला, म्हणजे ‘क्वाड’ला, दोन चाके पुढे व दोन मागे अशी जोडीने असतात. अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन यांनी 1863 मध्ये असे वळणारे स्केट तयार केले. त्यात उभे राहणे तुलनेने सोपे असते. ‘इनलाइन’ स्केटमध्ये मात्र चाके एकामागे एक, एकाच रेषेत असतात. 1980 च्या दशकापासून ते जगभर पसरले. इथे साऱ्या शरीराचा भार जेमतेम बोटभर रुंदीच्या रेषेवर तोलायचा असतो, आणि पाऊलही जमिनीपासून चांगले उंचावलेले असते. घोटा जरा आत कलला की भार त्याला आणखी कलवतो. हे कलणे थोपवण्याचे काम स्नायूंनी आणि बुटाने मिळून करायचे असते.

कडकपणा कुठे हवा, कुठे नको

‘बूट कडक की मऊ?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या दिशेला कडक, हे विचारायला हवे.

बूट आडव्या दिशेने कडक हवा. स्केटवर मूल पुढे जाते ते पाय बाजूला ढकलून. चालताना आपण मागे रेटा देतो, तसे इथे होत नाही. बूट बाजूने मऊ असेल तर तो रेटा चाकांपर्यंत पोहोचतच नाही. बुटाच्या वाकण्यातच तो जिरतो. मूल दुप्पट दमते, निम्मे अंतर कापते आणि घोटा सतत आत कोसळत राहतो.

पुढच्या दिशेने मात्र बूट थोडा वाकायला हवा. स्केटिंगची मूळ बैठक गुडघे वाकवून, किंचित पुढे झुकून असते. नडगीने बुटाची जीभ पुढे दाबता आली पाहिजे. बूट पुढेही लाकडासारखा ताठ असेल तर मूल गुडघे सरळ ठेवून उभे राहते, भार टाचांवर जातो आणि ते मागे पडते. अशा वेळी माकडहाड, मनगट किंवा डोक्याची मागची बाजू आपटते.

दुकानातच करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. बूट हातात घ्यावा आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने जोर देऊन दाबावे. तो पिशवीसारखा आत बसला, तर चाकांत कितीही रंगीत दिवे लागत असोत, तो परत ठेवावा. मग वरची पट्टी पुढे रेटून पाहावी. ती थोडी झुकून पुन्हा जागेवर यायला हवी.

कडकपणाने बळ नाहीसे होत नाही, ते दुसरीकडे सरकते, हेही ध्यानात असू द्यावे. बर्फावरच्या स्कीइंगमध्ये 1960 नंतर बूट अधिक उंच आणि कडक होत गेले. त्यानंतर घोट्याच्या दुखापती घटल्या, पण गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापती पुढे आल्या. म्हणून बूट चांगला घेतला की गुडघ्याचे, कोपराचे, मनगटाचे संरक्षक आणि हेल्मेट टाळता येईल, असे समजू नये. स्केटिंगमध्ये सर्वाधिक दुखावते ते मनगटच.

वेगवान खेळाडूंचा बूट मुलाला का नको

2 ऑक्टोबर 2023 रोजी हांगचौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला संघांनी 3000 मीटर रिले स्केटिंगमध्ये कांस्यपदके मिळवली. पुरुषांच्या चौघांत आर्यनपाल सिंग घुमन आणि आनंदकुमार वेलकुमार यांच्याबरोबर सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही नावे होती. तेव्हापासून ‘तसलेच बूट हवेत’ हा हट्टही घरोघरी पोहोचला.

ते बूट उंचीला कमी असतात. घोट्याच्या हाडाच्या आसपासच ते संपतात. तळ आणि टाचेचा भाग बहुधा कार्बन तंतूंचा, अत्यंत कडक असतो आणि पायाला कातडीसारखा घट्ट बसतो. घोटा मोकळा ठेवण्यामागे विचार आहे : वर्षानुवर्षांच्या सरावाने त्या खेळाडूंचे स्नायूच आधार झालेले असतात. शिकाऊ मुलाकडे तो आधार अजून नसतो. त्याला घोट्याच्या वरपर्यंत येणारा, बक्कल असलेला बूटच योग्य. प्रशिक्षक जेव्हा सुचवतील, तेव्हा पुढची पायरी चढावी.

माप घेण्याची रीत

‘वाढते वय आहे, मोठाच घ्या’ हा आपला व्यवहार गणवेशाला चालतो, स्केटला नाही. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, पाऊल आत घसरते आणि कडक बूटही मऊ असल्यासारखा वागतो.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराने पाऊल थोडे फुगते. मुलाला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे करावे. सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी आणि अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. दोन्ही पावले मोजावीत आणि मोठे असेल ते धरावे. चपलेच्या नंबरावर विसंबू नये. कंपनीगणिक तो बदलतो.

बूट घालताना एकच पातळ मोजा असावा, आणि तो बुटाच्या काठापेक्षा उंच असावा. आधी टाच जमिनीवर हलके आपटून मागे बसवावी. मग नाड्या बोटांकडे सैल, पावलाच्या उंचवट्यावर घट्ट बांधाव्यात आणि बक्कल शेवटी लावावे. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच टेकली पाहिजेत. गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे सरली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये.

लहान मुलांसाठी लांबी कमी-जास्त करता येणारे बूट मिळतात. वाढत्या पायासाठी तोच शहाणपणाचा खर्च. मात्र दर तीन महिन्यांनी पाऊल पुन्हा मोजावे. थोरल्याचे स्केट धाकट्याला देतानाही हीच परीक्षा करावी.

बूट काढल्यावर पाहा

दहा-पंधरा मिनिटांत मावळणारी लाली चिंतेची नाही. पण घोट्याच्या आतल्या हाडावर रोज तीच लाल जागा, फोड, काळे पडलेले नख किंवा बोटांना मुंग्या आणि बधिरता ही बूट न बसल्याची खूण आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. बूट आतून घामाने भिजतो, कातडी मऊ पडते आणि फोड लवकर येतात. आतला मऊ भाग निघत असेल तर तो काढून सावलीत वाळवावा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत स्केट बाजूला ठेवावेत.

पाय मुरगळला तर चोळू नये, शेकू नये, हाडवैदाकडे ओढून घेऊ नये. पाय उंच ठेवून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. मूल चार पावले टाकू शकत नसेल किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कोवळा पट्टा असतो. तो अस्थिबंधापेक्षा नाजूक असल्याने ‘नुसती लचक’ वाटणारी इजा तिथली असू शकते.

आणि आपले पाऊल?

दोन सूचना आपल्यासाठी. पहिली : पडणाऱ्या मुलाला धरायला धावू नये. चाकांवरचे मूल आपल्यालाही घेऊन पडते. त्याचे खरचटणे आठवड्यात बरे होते, आपल्या खुब्याचे हाड मात्र शस्त्रक्रियेपर्यंत नेते. नाड्या बांधतानाही वाकू नये. मुलाला उंच ओट्यावर बसवावे, स्वतः खुर्चीवर बसावे.

दुसरी : जी परीक्षा नातवाच्या बुटाची केली, तीच आपल्या पादत्राणाचीही करावी. टाच धरून ठेवते का? तळ बोटांपाशीच वाकतो की मधूनच दुमडतो? बोटांना जागा आहे का? मधुमेह असलेल्यांनी तर हे टाळूच नये. संवेदना कमी झालेल्या पायाला बेताचा बूट सैल वाटतो, म्हणून अशी माणसे नकळत घट्ट माप घेतात आणि जखम झाल्याचे त्यांना कळतही नाही. त्यांच्यासाठी आत मऊ एमसीआरचा थर, खाली टणक तळ आणि मागे पट्टा असलेली, अंगठा नसलेली चप्पल उत्तम. हजूर साहिबला किंवा माहूरगडावर दर्शनाला अनवाणी जायचे असेल, तर फरशी तापण्याआधी सकाळीच जावे. परत आल्यावर तळवे आरशात पाहावेत किंवा घरातल्या कोणाला दाखवावेत.

पुढच्या वेळी नातवंडाला वर्गाला नेताना पिशवीत पाण्याच्या बाटलीबरोबर जास्तीचा मोजा आणि मोजपट्टी ठेवावी. चाके आत झुकताना दिसली तर मुलाला रागावण्याआधी नाड्या सोडाव्यात, टाच मागे बसवावी आणि पुन्हा बांधून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच ते सरळ उभे राहते. नाहीच राहिले, तर माप आणि बूट दोन्ही तपासावेत. तरीही दुखत असेल, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, आणि जाताना ते स्केटही बरोबर घ्यावेत.