चाराला जोड आठाची

संगणकात रॅमच्या दोन पट्ट्या घालायच्या तर त्या सारख्याच हव्यात, लहान-मोठी जोडी चालत नाही, असे दुकानात हमखास ऐकू येते. आमच्या मराठी विभागाच्या संगणकासाठी चौकशी केली तेव्हा मलाही हेच ऐकावे लागले. यंत्रात ४ जीबीची एकच पट्टी होती आणि शेजारचा स्लॉट रिकामा. वार्षिकाचे जुने अंक स्कॅन करून जपण्याचे काम आम्ही काही विद्यार्थ्यांनी घेतले आहे. पाच-पंचवीस पाने एकदम उघडली की यंत्र थिजून बसे. नव्या संगणकाला विभागाकडे पैसे नाहीत, आणि त्या अंकांचा कागद असा, की पान उलटताना कोपरा हातात यावा. तो वाट पाहणार नाही. म्हणून मी, कला शाखेचा विद्यार्थी असूनही, हा नियम मुळातून तपासायचे ठरवले. विज्ञान शाखेच्या मित्रांनी हसू नये.

हार्ड डिस्क हे ग्रंथालयातील कपाट मानले, तर रॅम हे वाचनाचे टेबल. टेबल लहान असले की दर पुस्तकाला कपाटापर्यंत खेप पडते. यंत्र रखडते ते या खेपांनी.

दुकानातला तो नियम खोटा नाही, जुना आहे. ४८६ प्रोसेसर एका वेळी ३२ बिट माहिती घेई आणि त्या काळची ३० पिनांची पट्टी एका वेळी ८ बिटच देई. म्हणून चार पट्ट्या एकत्र जुंपाव्या लागत, आणि चारी सारख्या. पेंटियमला ६४ बिट लागू लागले, तेव्हा ३२ बिटांच्या दोन पट्ट्यांची जोडी आली. पुढे १६८ पिनांची डिम पट्टी निघाली. ती एकटीच ६४ बिट पुरवते. बंधन तिथेच संपले, बोलणे मात्र राहिले.

आज जोडीचा लाभ निराळा आहे. दोन पट्ट्या दोन वाटांवर असल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकाच वेळी माहिती आणतो. यालाच ड्युअल चॅनेल म्हणतात. मग ४ आणि ८ बसवले तर? आमच्यासारख्या इंटेलच्या यंत्रात लहान पट्टीचे ४ आणि मोठीतले ४ यांची जोडी जमते. उरलेले ४ जीबी एकाच वाटेने चालतात. तेवढ्या भागाचा वेग कमी खरा, पण डिस्कच्या खेपेपुढे तो फरक किरकोळ. सारखेपणाच्या हौसेपायी ४ ला ४ जोडून ८ वर थांबण्यापेक्षा १२ केव्हाही बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. चार स्लॉट असतील तर आणखी गंमत: दोन्ही ४ एका वाटेवर, ८ दुसरीवर, तोल पूर्ण साधतो. कोणता स्लॉट कोणत्या वाटेचा, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत असते.

आकाराची भीती नको, जात मात्र जुळली पाहिजे. डीडीआर३ पट्टी डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळे, १.५ आणि १.२. वेगातला फरक चालतो. सगळ्या पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या चालीने जातात. आमचा प्रोसेसर आय३-६१००, त्याची मर्यादा २१३३. २४०० ची नवी पट्टी मुकाट २१३३ वर चालते. मात्र ३२ बिटांची घरगुती विंडोज असेल तर ४ जीबींच्या पुढे घातलेला पैसा पाण्यात.

बसवणे दहा मिनिटांचे काम. प्लग काढावा, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, टोकाच्या खिट्ट्या उघडून पट्टी सरळ दाबावी. खिट्टी खट्‌कन मिटली पाहिजे. यंत्र सुरू न होता नुसते बीप वाजवू लागले, तर बहुधा पट्टी नीट बसलेली नसते. काढून पुन्हा बसवावी. मग रात्रभर मेमटेस्ट८६ लावून ठेवावा. त्यात एक जरी चूक निघाली तरी एकेक पट्टी काढून दोषी कोणती ते शोधावे आणि ती नवी असेल तर बिलासह दुकानात परत न्यावी.