गोठ्याचं वायरिंग आणि तीस मिलीअँपिअर

हॉस्टेलवर रेक्टरांची नजर चुकवून कॉइलने पाणी तापवणाऱ्यांना वायरिंग हा पोरखेळ वाटतो. या सुट्टीत गावी घरामागच्या गोठ्याचं वायरिंग करायचं निघालं. प्रत्यक्ष काम परवानावाल्या वायरमनचं, माझ्याकडे हिशेब आणि वायर ओढणं! पत्र्याची शेड, लोखंडी खांब, खाली कायम ओल आणि त्यात २ एचपीची कडबाकुट्टी. शॉक बसायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आधी वायरची जाडी. घरापासून गोठा ३० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. २.५ चौरस मिमी वायरचा रोध साधारण ०.४५ ओहम भरतो. मोटर चालताना ११ अँपिअर घेते, तेव्हा ५ व्होल्ट पडतात, चालेल. पण सुरू होताना ती पाचपट करंट ओढते आणि २५ व्होल्ट गायब! गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच रडत असतं, मग मोटर नुसती गुरगुरत बसते. म्हणून ४ चौरस मिमी घेतली. दिव्यांना १.५ पुरते.

खरी गंमत अर्थिंगची. "एमसीबी बसवलाय ना, मग झालं की!" असं सगळेच म्हणतात. समजा कुट्टीच्या आत फेज वायर सोलली आणि बॉडीला टेकली. अर्थच्या खड्ड्यासकट वाटेचा रोध १० ओहम धरा. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने लगेच पडत नाही, तासभरसुद्धा तग धरू शकतो. तेवढा वेळ मशीनच्या अंगावर दोनशेच्या आसपास व्होल्ट! एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे.

माणसासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच तो बघतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात सप्लाय तोडतो. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लावलात तर त्याला काही कळत नाही, कारण त्याच्या लेखी हिशेब बरोबर असतो.

काही जण खड्डा खणायचा कंटाळा करून न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडतात. तो न्यूट्रल वाटेत कुठे तुटला, तर दिवा लावताच अख्ख्या कुट्टीत फेज उतरतो. आम्ही वेगळा खड्डा घेतला आणि पत्रा व खांबही अर्थला बांधले. जनावराचा विचार इथे जास्त करावा लागतो. गाईच्या पुढच्या नि मागच्या पायांत अंतर मोठं आणि मधे हृदय. शिवाय पायात चप्पल नाही.

बाकी किरकोळ. उंदरांमुळे वायर पीव्हीसी पाइपातून, बोर्ड शिंगांच्या उंचीच्या वर, दिवे झाकणवाले. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम आजोबांनी आपणहून घेतलंय. दर अमावास्येला दाबतात, तेवढंच लक्षात राहतं म्हणे.