लिहिलेलं ऐकणारी माणसं कुठे भेटतील?

मनात साचलेलं कागदावर उतरवलं की बरं वाटतं, असं आपण ऐकतो. ते तपासूनही पाहिलेलं आहे. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला लावलं. ज्यांनी आयुष्यातल्या आघाताबद्दल घडलेलं आणि वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी राहिल्या. मात्र लिहून उठल्याबरोबर त्यांना उलट जास्त उदास वाटलं होतं. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा बेताचाच निघाला. त्यामुळे लेखनाला कुणी रामबाण म्हणू लागलं, तर मान डोलावू नका.

त्या विद्यार्थ्यांचं लिखाण गुप्त ठेवलं होतं. लेखक-गटात मात्र दुसऱ्याचे कान येतात, आणि प्रश्न तिथेच सुरू होतो. आपल्याकडे वही उघडली की शाळेतला अपमान निघतो, नवऱ्याची दारू निघते, गावकुसाबाहेरची पाणवठ्याची आठवण निघते. हे चुकीच्या माणसांपुढे वाचलं तर जुनी जखम पुन्हा उघडी पडते, आणि चार दिवसांत वस्तीभर चर्चा होते ती वेगळीच.

बेबीताई कांबळे यांचं उदाहरण बघा. फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून त्या लिहीत. घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ते कागद त्यांनी सुमारे वीस वर्षं लपवून ठेवले. फलटणमध्ये राहणाऱ्या भाषाअभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते छापण्याचं प्रोत्साहन दिलं. मग ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. वीस वर्षं ऐकणारं कुणी नव्हतं, आणि वाट उघडायला विश्वासाचं एक माणूस पुरलं. आपल्या खानदेशातल्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांच्या ओव्या ऐकून उतरवून घेतल्या, म्हणून त्या आज आपल्यापर्यंत आहेत. त्या काळचा लेखक-गट म्हणायचा तर तो दोघांचा!

म्हणून शोध मोठ्या गटाचा नको. पाच-सात जण पुष्कळ झाले. जळगावला व. वा. जिल्हा वाचनालय आहे, धुळ्याला गरुड वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपालांना विचारा, कवी आणि कथालेखक कोण नेमाने येतात ते त्यांना ठाऊक असतं. संमेलनंही उपयोगी पडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही संमेलनं एकाच वेळी भरली होती. अशा मांडवात आपलं लिखाण निवांत ऐकायला कुणाला वेळ नसतो, पण आपल्या तालुक्यातल्या दोघातिघांचे फोन नंबर घेऊन परतता येतं. आणि वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला ज्या बाया रोज बसतात, त्यांच्यातच चौघी लिहिणाऱ्या निघाल्या तर आणखी कुठे जायचं? वाचन संपल्यावर अर्धा तास आपला.

पहिल्या बैठकीला वही नेऊ नका. नुसतं ऐका. कुणी रडवेलं होऊन वाचत असेल तेव्हा बाकीचे मोबाइल बघतात का, ते पाहा. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न काय येतो? "मग पुढे काय झालं?" असा आला तर जागा चांगली. "वृत्त चुकलंय" असा आला तर तिथे कविता सुधारेल कदाचित, मन मोकळं व्हायचं नाही. आडनाव विचारून मग दाद देणारे, अहिराणीला किंवा तावडीला हसणारे भेटले तर दुसऱ्यांदा जायचं कारण नाही. ज्या बोलीत आईने शिव्या दिल्या आणि माया केली, त्याच बोलीत दुखणं सांगता येतं. इथलं इथेच राहील, हे गटाने पहिल्याच दिवशी मोठ्याने ठरवायला हवं. बायकांनी तर हे ठरल्याशिवाय घरातलं काही वाचूच नये असं मला वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे साहित्य-गट दूरच्या गावी राहणाऱ्यांना, रात्रपाळीवाल्यांना, बाहेर पडायची मुभा नसलेल्या सुनांना आधार असतात, हे खरं. पण दोनशे जणांच्या गटात तुमच्या लेखाखाली फुलं आणि अंगठे येतात, त्यानंतर लगेच कुणाचा तरी वाढदिवस. शिवाय एकदा टाकलेलं कुठेही पुढे जाऊ शकतं. अशा गटातून सूर जुळणारे तिघे निवडावेत आणि आठवड्यातून एकदा फोनवर एकमेकांना वाचून दाखवावं.

दोन-तीन बैठकांनंतर आपल्या झोपेकडे आणि भुकेकडे लक्ष द्या. वाचलं त्या रात्री जड वाटणं साहजिक आहे. पण आठवडाभर झोप उडाली, तेच ते डोळ्यांपुढे येत राहिलं किंवा जगणं नको वाटू लागलं, तर तो विषय बाजूला ठेवा आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. गटातल्या एकाने तरी हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.